समासातली खूण

अक्षरांखाली ओढलेली नागमोडी रेघ म्हणजे जाड टाईप. ओळीच्या दोन्ही अंगांना पाठमोरे चौकोनी कंस म्हणजे मधोमध घ्या. समासात वर्तुळ करून लिहिलेला आकडा म्हणजे खिळ्याचा पॉइंट. १९८४ साली नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक म्हणून लागले, तेव्हा ही खुणांची भाषा पहिल्या आठवड्यात शिकले. माझ्याकडे दोन कामं होती. गॅलीवरून काढलेली मुद्रितं वाचायची, आणि त्याआधी लेखकाच्या हस्तलिखितावर जुळाऱ्यासाठी खुणा करून द्यायच्या. दुसरं काम जास्त जोखमीचं होतं. मुद्रितात चूक राहिली तर एक शब्द चुकायचा, हस्तलिखितावरची खूण चुकली तर अख्खं प्रकरण चुकीचं जुळलं जायचं.

जुळणीखात्याचे प्रमुख होते, त्यांना सगळे नाना म्हणत. साठीच्या आसपासचे, बोटांची टोकं शिशानं कायमची काळवंडलेली. उलटी ओळ ते सरळ ओळीइतकीच भरभर वाचत. त्यांच्यासमोर देवनागरीच्या केसींचे शेकडो खण उभे असत: पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार, वेगवेगळ्या मापांच्या वेलांट्या. त्यांचा हात न बघता नेमका त्या खणात जायचा.

लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका निवृत्त शिक्षकांचं पुस्तक आलं, त्यांच्या गावाच्या इतिहासाचं. त्यांनी प्रत्येक मथळ्यावर स्वतःच तांबड्या शाईनं लिहून ठेवलं होतं: १८ पॉइंट जाड. प्रकरणाच्या नावावरही तेच आणि आतल्या छोट्या मथळ्यांवरही तेच. मी ते तसंच पुढे पाठवलं. नानांनी कागद परत आणून माझ्या टेबलावर ठेवले.

‘‘बाई, पॉइंट लेखकानं सांगायचा नसतो,’’ ते म्हणाले. ‘‘हे प्रकरणाचं नाव आहे, हा आतला मथळा आहे, हा कुणाच्या पत्रातला उतारा आहे, एवढं त्यांनी सांगावं. खिळा कुठला लावायचा ते मी बघतो. माझा अठराचा जाड सगळा त्या पंचांगाच्या फर्म्यात अडकलाय. तो सुटेपर्यंत मी काय बसून राहू?’’

मग त्यांनीच एक पद्धत लावून दिली. समासात ‘म १’ म्हणजे प्रकरणाचं नाव, ‘म २’ म्हणजे त्याखालचा मथळा, ‘म ३’ त्याहून आतला. ‘प’ म्हणजे नवा परिच्छेद. ‘उ’ म्हणजे उतारा. कामाला सुरुवात करण्यापूर्वी ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवत, या पुस्तकात म १ म्हणजे अमुक खिळा, म २ म्हणजे तमुक. चिठ्ठी केसीच्या वरच्या कडेला खोचलेली असे. पुस्तक बदललं की चिठ्ठी बदलायची, माझ्या खुणा त्याच राहायच्या. पुढे एका प्रकाशकाला तेच पुस्तक लहान आकारात हवं होतं, तेव्हा हस्तलिखिताला हातही न लावता नुसती चिठ्ठी बदलून काम झालं.

मला हे फार आवडलं होतं, पण का आवडलं ते सांगता आलं नसतं. ते कळायला तेरा वर्षं गेली.

मराठीतली सुरुवातीची बरीच छपाई दगडावर झाली. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं. शिळेवर मजकूर आणि त्याचं रूप एकच असतं. लिहिणाऱ्याचा हात जसा वळेल तसं अक्षर, आणि ते जन्मभर तसंच. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाईपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला, तोवर सुट्या खिळ्यांनी मराठीत चांगलं मूळ धरलं होतं. सुटा खिळा आला की मजकूर आणि रूप वेगळे होतात. तोच मजकूर मोठ्या खिळ्यात जुळवा, लहान खिळ्यात जुळवा. पण मग कुणीतरी मधे उभं राहून सांगावं लागतं की हा तुकडा काय आहे. मुद्रितशोधकाची खूण तिथे जन्माला येते.

आमच्या छापखान्यात १९९१ मध्ये संगणक आला. दोन वर्षांत खिळे मोडीत गेले. किलोवर वजन करून पोती भरताना मी पाहिली आहेत. नाना त्याआधीच निवृत्त झाले होते. आम्ही सगळे पानं मांडायचं पेजमेकर शिकलो. मथळा निवडायचा, बटण दाबायचं, जाड. आकडा बदलायचा, मोठा. पडद्यावर जे दिसतं ते कागदावर येतं, याचं तेव्हा केवढं अप्रूप होतं! समासातल्या खुणा बंद झाल्या. हा मथळा आहे असं कुणाला सांगायची गरज उरली नव्हती, तो दिसतच होता.

१९९७ च्या उन्हाळ्यात छापखान्याच्या मालकांनी ठरवलं की आपण छापतो तो दिवाळी अंक इंटरनेटवरही ठेवायचा. विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला खुलं केलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. पुण्यात फार थोड्या घरांत ते होतं, पण अमेरिकेतल्या मराठी घरांत होतं, आणि तिथले वर्गणीदार अंक टपालानं डिसेंबरात पोचतो म्हणून हळहळत. माझा भाचा तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. तो म्हणाला, ‘‘मावशी, यात काही नाही. मी तुला अर्ध्या तासात शिकवतो.’’ त्यानं नोटपॅड उघडलं. कोरा पांढरा पडदा, एकाच जाडीची अक्षरं, कसलंही बटण नाही. त्यात त्यानं अंकाचं नाव लिहिलं. नावाच्या आधी टोकदार कंसात ‘एच वन’ लिहिलं आणि नंतर टोकदार कंसात तिरकी रेघ देऊन पुन्हा ‘एच वन’. खाली लेखाचं नाव, त्याला ‘एच टू’. खाली मजकूर, आधी कंसात नुसता ‘पी’.

‘‘एच म्हणजे हेडिंग, पी म्हणजे पॅराग्राफ,’’ तो सांगत होता.

मी त्याचा हात धरला. म १, म २, प. नानांची चिठ्ठी.

‘‘आणि एच वन किती पॉइंटचा?’’ मी विचारलं.

‘‘ते इथे सांगायचंच नसतं, मावशी. ते ज्याचा त्याचा ब्राउझर ठरवतो.’’

त्या रात्री मला झोप आली नाही, हे मी अतिशयोक्ती न करता लिहिते आहे. जी पद्धत मी नारायण पेठेतल्या एका जुळाऱ्याची समजत होते ती जगभर चालली होती, आणि ती कुठून आली हे मला कळायला हवं होतं. पुढची काही वर्षं मिळेल तिथून वाचत राहिले. वाचता वाचता लक्षात आलं की हे निव्वळ साम्य नव्हतं. संगणकवाल्यांनी ही रीत छापखान्यातूनच उचलली होती. भाच्यानं लिहिलेल्या त्या भाषेच्या नावातला ‘मार्कअप’ हा शब्दच हस्तलिखितावर खुणा करण्याच्या आमच्या कामाचा.

१९६७ च्या सप्टेंबरात कॅनडाच्या सरकारी छापखान्यात एक बैठक झाली. विल्यम टनिक्लिफ नावाच्या गृहस्थांनी तिथे मांडलं की मजकुरातली माहिती आणि तिचं छापील रूप यांची फारकत करायला हवी. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे ग्रंथरचनाकार स्टॅन्ली राइस पुस्तकातल्या घटकांना त्यांच्या कामावरून सर्वत्र चालतील अशी नावं द्यायच्या खटपटीत होते. दोघेही मुद्रणाच्या जगातले. मग १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब यांच्याकडे एक काम आलं. गोल्डफार्ब शिक्षणानं वकील. वकिलांच्या कचेऱ्यांतली कागदपत्रं संगणकावर ठेवायची होती. एका प्रणालीत ती दुरुस्त व्हायची, दुसरीत शोधली जायची, तिसरीत छापली जायची, आणि तिघींच्या खुणा वेगळ्या. एकीचा मजकूर दुसरीला वाचता येईना. गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी मिळून खुणांची एक भाषा केली. तिच्यात मथळ्याला मथळा म्हणायचं आणि परिच्छेदाला परिच्छेद, रूपाचं ज्याचं त्यानं बघावं. जीएमएल हे तिचं नाव तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांतूनच झालं. १९८६ मध्ये तिच्यावरून एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं.

तिथून ती जिनिव्हाजवळ सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोचली. तिथली कागदपत्रं लिहायला एसजीएमएलवर आधारलेले टॅग, म्हणजे भाच्यानं लिहिल्या तसल्या टोकदार कंसातल्या खुणा, वापरात होते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ च्या मार्चमध्ये आपला प्रस्ताव मांडला. निरनिराळ्या यंत्रांवर अडकलेली माहिती एकमेकींना जोडावी आणि ती कुठल्याही यंत्रावर वाचता यावी, असा तो होता. पानं लिहायला त्यांनी नवी भाषा घडवत बसण्याऐवजी सर्नमधले लोक ओळखत होते तेच टॅग घेतले. एच वन ते एच सिक्स, पी, यादीसाठी यूएल आणि तिच्या कलमांसाठी एलआय. त्यांनी घातलेली खरी नवी वस्तू म्हणजे ‘ए’, एका पानातून दुसऱ्या पानात नेणारा दुवा. १९९१ च्या अखेरीस त्यांनी या टॅगांची यादी लोकांसमोर ठेवली, तिच्यात जेमतेम अठरा घटक होते.

त्या यादीत जाड आणि तिरप्यासाठी बी आणि आय नव्हते. त्याऐवजी ‘एचपी वन’, ‘एचपी टू’ असे टॅग होते, म्हणजे उठावाचा शब्दसमूह क्रमांक एक, क्रमांक दोन. उठाव कसा द्यायचा, जाड करून की रेघ ओढून, यावर एक अक्षर नाही. नानांनी ती यादी पाहिली असती तर मान डोलावली असती. कारणही त्यांच्यासारखंच व्यवहारी होतं. बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट यंत्रावर अक्षरांचे नाना प्रकार उमटत होते, पण सर्नमधल्या कित्येकांसमोर एकाच मापाची अक्षरं दाखवणारे पडदे होते. निकोला पेलो या विद्यार्थिनीनं असल्या साध्या पडद्यांसाठी ब्राउझर लिहिला. जिथे जाड खिळाच नाही तिथे जाड म्हणून सांगून काय उपयोग? मथळा आहे एवढं सांगितलं तर तो निदान वेगळ्या ओळीवर तरी येतो.

बी आणि आय १९९३ च्या मसुद्यात आले. त्याच मसुद्यात त्यांच्या शेजारी ‘स्ट्राँग’ आणि ‘ईएम’ बसले होते. बी म्हणतो जाड कर, स्ट्राँग म्हणतो हे महत्त्वाचं आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. टॅग हातानं लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांनी बी उचलला, कारण तो एका अक्षराचा होता. खरं तर बर्नर्स-ली यांना वाटत होतं की टॅग कुणी हातानं लिहिणारच नाही. त्यांच्या यंत्रावरच्या संपादकात ते दिसतही नव्हते. पण नोटपॅडसारखी कोरी पाटी प्रत्येक यंत्रावर होती आणि टॅग इतके सोपे होते की माझ्यासारखी मराठीची पदवी घेतलेली बाई ते एका संध्याकाळी शिकली.

मग स्पर्धा आली. १९९३ च्या फेब्रुवारीत इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रिसन यांनी चित्राच्या टॅगचा प्रस्ताव मांडला आणि मोझेक ब्राउझरमुळे पानं चित्रांसह दिसू लागली. त्यांच्याच नेटस्केपनं पुढे मजकूर मधोमध आणणारा टॅग दिला, अक्षरं लुकलुकवणारा दिला, आणि फॉन्ट टॅग दिला. फॉन्टमध्ये अक्षराचा आकार सांगता येई, मग रंगही. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरनं त्यात ‘फेस’ घातला, म्हणजे टाईपाचं नावच सांगायची सोय. नवल असं, की यावरचा उताराही तेव्हाच निघाला होता. सर्नमध्येच काम करणारे नॉर्वेचे होकून व्हिउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ ला सुचवलं की रूपाच्या सूचना मजकुरातून बाहेर काढून वेगळ्या पत्रकात लिहाव्यात. नेटस्केपनं आपला ब्राउझर जाहीर केला तो बरोबर तीन दिवसांनी. ली यांचं पत्रक म्हणजे आजचं सीएसएस, आणि ते म्हणजे केसीच्या कडेला खोचलेली नानांची चिठ्ठी. पण १९९६ च्या डिसेंबरात ते प्रमाण ठरलं तरी ब्राउझरांना नीट जमायला बरीच वर्षं लागली, आणि तोवर फॉन्ट टॅग सगळीकडे पसरला होता.

इंग्रजी पानांमध्ये फॉन्ट टॅगनं फार तर पान भडक झालं. मराठीत त्यानं जे केलं ते निराळंच होतं.

१९९७ मध्ये साध्या विंडोजला देवनागरी कळत नव्हती. मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले मराठी आकार. यंत्राच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. त्यावर फॉन्टचा मुखवटा चढला की डोळ्यांना मराठी दिसे. प्रत्येक कंपनीची जागावाटणी वेगळी. तेव्हा आमच्या पानांवर प्रत्येक परिच्छेदाला फॉन्ट फेसचा टॅग होता आणि त्यात आमच्या फॉन्टचं नाव. हा टॅग शोभेचा नव्हता. मराठी नुसती त्याच्यातच होती. टॅग काढा, किंवा वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसू दे, की पानभर इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, डोक्यावर टोपी असलेले ए आणि ओ. दिवाळी अंक चढवला त्या आठवड्यात न्यू जर्सीहून एका वर्गणीदार बाईंचा निरोप आला: अंक उघडला, पण हे कुठल्या भाषेत आहे? आम्ही पहिल्या पानावर इंग्रजीत सूचना लिहिली, आधी फॉन्ट उतरवून घ्या. किती जणांनी घेतला असेल?

त्याच अंकातली एक रात्र मी विसरत नाही. आमची पानं अमेरिकेतले एक गृहस्थ हौसेनं त्यांच्या सर्व्हरवर ठेवत. मी इथून फ्लॉपीवरून ईमेलनं पाठवायची, ते चढवायचे. चढवल्यावर मी मुद्रितं तपासावीत तशी सगळी पानं वाचली. तिसऱ्या लेखात एका शब्दाला बी लावला होता आणि बंद करायचा राहिला होता. तिथून पुढचा सगळा लेख जाड! खिळ्यांच्या दिवसांत असं होणं शक्य नव्हतं. जाड खिळे हाताला लागतील तेवढेच जाड, पुढचा शब्द जुळाऱ्यानं दुसऱ्या केसीतून उचललेला असे. इथे सुरुवात सांगितली की शेवटही सांगावा लागतो. ईमेल त्या दिवशी चालत नव्हतं. मी कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथमध्ये गेले. काचेच्या खोलीत तांबडे आकडे भराभर वर चढत होते आणि मी सांगत होते, ‘‘सातवा परिच्छेद. ‘वतनदार’ शब्द दिसला? तुम्हाला मराठी दिसत नाहीये का, बरं, मग सातव्या पीनंतरचा पहिला बी शोधा. त्याच्यानंतरची पहिली मोकळी जागा. तिथे टोकदार कंस, तिरकी रेघ, बी, कंस बंद.’’ पलीकडून ते एकेक खूण उच्चारून टाईप करत होते. जाड अक्षरं पानावरून उतरली, तेव्हा बिल दोनशे रुपयांच्या वर गेलं होतं. ज्यांनी ती दुरुस्ती केली त्यांना त्या क्षणी पानावरचा एकही मराठी शब्द वाचता येत नव्हता. टॅग मात्र त्यांना पूर्ण वाचता येत होते.

इंग्रजीच्या मापानं शिवलेले टॅग मराठीच्या अंगाला कुठे कुठे काचले ते मुद्रितशोधकाच्याच डोळ्यांना दिसेल. आमच्या छापखान्यात तिरपा देवनागरी खिळा नव्हता. उठाव द्यायचा तर जाड टाईप, नाहीतर अवतरण. आय टॅगनं अक्षरं तिरपी झाली खरी, पण कुणी घडवून तिरपी केलेली नव्हेत. यंत्रानं सरळ अक्षर एका बाजूला ढकललेलं, उभे काने वाऱ्यानं कलावेत तसे. दुव्याखाली आपोआप येणारी रेघ उकार कापून जायची. ‘पुणे’ हा दुवा असला तर पुचा उकार निळ्या रेघेत बुडालेला. अलीकडे ब्राउझर त्या जागी रेघ तोडायला शिकले आहेत. क्रमवार यादीच्या ओएल टॅगला १, ए किंवा रोमन आकडे माहीत होते. मराठी १, २, ३ माहीत नव्हते, ते आम्ही वर्षानुवर्षं हातानं लिहीत होतो.

१९९१ या सालाबद्दल मला नेहमी हळहळ वाटते. त्या एका वर्षात टॅगांची पहिली यादी आली, भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरलं आणि ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. म्हणजे मथळ्याला मथळा म्हणायची आणि ‘क’ला ‘क’ म्हणायची सोय एकाच साली कागदावर तयार होती. ती घरच्या यंत्रावर यायला विंडोज २००० उजाडावं लागलं, रा. कृ. जोशींनी आखलेला मंगल फॉन्ट घेऊन.

युनिकोड मी शिकले तेव्हा पुन्हा नाना आठवले, यावेळी उलट्या बाजूनं. ‘किती’ जुळवताना नाना आधी ऱ्हस्व वेलांटीचा खिळा लावत, मग क, कारण वेलांटी दिसते डावीकडे. ‘अर्थ’ जुळवताना अ, मग थ, मग त्यावर रफार. आमचे जुने फॉन्ट अगदी तसेच चालत, दिसेल त्या क्रमानं. युनिकोडमध्ये बोलाल त्या क्रमानं लिहायचं. आधी क, मग वेलांटी. आधी र, मग थ. वेलांटी डावीकडे न्यायची आणि र डोक्यावर चढवायचा हे यंत्रानं बघायचं. नानांनी मथळ्याच्या बाबतीत जे मला शिकवलं ते अक्षराच्या बाबतीत शिशामुळे त्यांना स्वतःला करता आलं नव्हतं. शिशाचा खिळा जागेवरून उडी मारत नाही.

एकदा एका शिक्षिकेनं मुलांसाठी वाचनपाठ करून मागितला होता. तिला फक्त वेलांट्या तांबड्या हव्या होत्या. जुन्या फॉन्टमध्ये हे सोपं, वेलांटी हा सुटा तुकडा. युनिकोडमध्ये मी क आणि वेलांटीच्या मधे रंगाचा टॅग घातला आणि वेलांटी क पासून तुटून, टिंबांच्या एका वर्तुळाला धरून लोंबकळत राहिली. जणू विचारत होती, माझं व्यंजन कुठे आहे? तिला चित्रं काढून द्यावी लागली.

२००९ साली आम्ही जुने अंक युनिकोडमध्ये आणायला घेतले. अक्षरं बदलणारी प्रणाली मिळाली. वेलांट्या, रफार तिनं जागेवर आणले, उरलेलं मी मुद्रितशोधनात काढलं. सगळं दिसायला चोख झालं असं मला वाटलं. मग नाशिकहून एका वाचकांचा फोन आला. ते अंध होते, पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होते आणि संगणकाकडून अंक वाचून घेत.

‘‘ताई, तुमच्या अंकाला मथळेच नाहीत,’’ ते म्हणाले.

‘‘आहेत की, चांगले मोठे आणि जाड आहेत.’’

‘‘मी एच दाबतो तेव्हा यंत्र मला पुढच्या मथळ्यावर नेतं. वर्तमानपत्रात नेतं. तुमच्याकडे म्हणतं, पुढे मथळा नाही. मला पहिल्या लेखापासून सगळं ऐकत यावं लागतं.’’

मी पान उघडून आतले टॅग पाहिले. पहिल्या वर्षी भाच्यानं आणि मी एच वन, एच टू लिहिले होते. पण मालकांना ते मथळे फार मोठे आणि ओबडधोबड वाटले, म्हणून पुढच्या प्रत्येक अंकात मी स्वतः ते काढून फॉन्टचा आकार पाच आणि बी असं घातलं होतं. दिसायला सुबक. पण पानात कुठेही ‘हा मथळा आहे’ असं लिहिलेलं नव्हतं. पेजमेकरची सवय मी तिथेही घेऊन गेले होते. नानांनी मला १९८४ मध्ये जे कागद परत आणून दिले होते, तेच कागद मी पुन्हा तयार केले होते, अकरा अंकांचे.

अक्षरं बदलणाऱ्या प्रणालीला हे दुरुस्त करता येत नव्हतं. आकार पाच आणि जाड असा मजकूर कधी लेखाचं नाव होता, कधी कवितेतला एखादा शब्द, कधी जाहिरात. ते वाचणाऱ्या माणसालाच कळतं. मी अकराही अंक छापून घेतले, तांबडं पेन घेतलं आणि समासात खुणा करत गेले. म १. म २. प. उ. पंचवीस वर्षांनी हात आपोआप चालला. चार महिने लागले. उताऱ्यांना ब्लॉककोट लावला, यादीला यूएल, पानाच्या तोंडाशी भाषा मराठी म्हणून सांगितलं म्हणजे वाचणारं यंत्र आवाज मराठी लावेल. मथळ्यांचा आकार वेगळ्या पत्रकात गेला, मालकांना हवा तितकाच. काम झाल्यावर नाशिकला फोन केला. पलीकडे कळफलकाचे आवाज आले, एक, दोन, तीन, आणि दर आवाजानंतर एका लेखाचं नाव. ते काही बोलले नाहीत, नुसते पुढे दाबत राहिले, अनुक्रमणिका संपेपर्यंत.

एक पान राहिलं आहे. १९९७ च्या अंकात परदेशातल्या एका वाचकानं ईमेलनं पाठवलेली कविता आम्ही फक्त इंटरनेटवर घेतली होती. ती छापील अंकात नाही. त्यानं ती स्वतःच्या कुठल्याशा फॉन्टमध्ये लिहिली होती. तो फॉन्ट असलेली फ्लॉपी वाचता येत नाही, फॉन्टचं नाव कुठे सापडत नाही आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बंद झाला आहे. पानावर आता टोपीवाले ए आणि डॉलर आहेत. टॅग मात्र शाबूत आहेत. त्यांच्यावरून दिसतं की वर एच टूमध्ये चार शब्दांचं शीर्षक आहे. खाली सहा परिच्छेद आहेत आणि प्रत्येकात तीन ठिकाणी ओळ मोडली आहे, म्हणजे चार ओळींची सहा कडवी. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ तीच आहे, ते धृपद असणार. तळाशी आय टॅगमध्ये दोन शब्द आहेत, ते कवीचं नाव.

मी संध्याकाळी ते पान घेऊन बसते. एक खूण सारखी दुसऱ्या कशाच्या तरी आधी येते, एकटी कधी येत नाही. ती ऱ्हस्व वेलांटी धरली. शब्दांच्या शेवटी सर्वांत जास्त येणारी उभी खूण, ती काना. धृपदाचा शेवटचा शब्द ‘आहे’ असावा असं वाटलं, तिथून आ आणि ह मिळाले आणि मात्राही हाती आली. आतापर्यंत अकरा अक्षरं लागली आहेत.